आपल्या नावाचे दूरचे गाव: बांदा समुद्रातले एक बेट आणि इंदूरची मी

नीरा_इंदूर

सर्वांना नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडते आहे. तो किरकोळ वाटून कोणी हसले तरी माझी हरकत नाही, कारण घरातले सगळे हसून झालेलेच आहेत.

माझे नाव नीरा. आमचे घराणे होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इंदूरला स्थिरावले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याला कागदाचा आधार नाही, पण वडिलांचा त्यावर पुरता विश्वास होता. सुभेदार मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ मध्ये नीरेच्या काठावरील होळ गावी झाला आणि गावावरून आडनाव पडले, हे आमच्या पिढीतल्या इंदूरच्या मराठी मुलांना बाराखडीबरोबरच सांगितले जाई. वडिलांनी ती नदी आयुष्यात एकदाच, तीही आगगाडीच्या खिडकीतून पाहिली होती. तरीही मुलगी झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावाचा विचारसुद्धा केला नाही. पुण्याच्या आतेभावंडांनी मात्र “ताडाची नीरा की शिंदीची?” असे विचारून प्रत्येक सुट्टी नासवली, ती गोष्ट वेगळी.

शाळेत नाव घालताना कारकुनाने रोमन लिपीत माझे नाव लिहिले, तेव्हा दोन ‘ई’ काढण्याऐवजी दुसऱ्या ‘ई’च्या जागी ‘आय’ काढला. वडिलांच्या ते लक्षात आले नाही. ती चूक शाळेच्या दाखल्यावरून गुणपत्रिकेवर, गुणपत्रिकेवरून नोकरीच्या कागदांवर आणि शेवटी पासपोर्टवर जाऊन बसली. एन, ई, आय, आर, ए. विमानतळावर मला ‘नायरा’ म्हणून हाक मारतात आणि मी ओ देते.

गेल्या दिवाळीत नात नकाशाचे पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. इंडोनेशियाच्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “आजी, तू समुद्रात आहेस.” मी चष्मा लावून पाहिले. मोलुक्का बेटांच्या दक्षिणेला बांदा समुद्रात, मुंगीएवढ्या अक्षरांत, माझ्या पासपोर्टवरचे नाव एकाही अक्षराच्या फरकाशिवाय छापलेले होते. बांदा नेइरा. इंदूरपासून सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर.

त्या दिवसापासून मी त्या बेटाविषयी मिळेल ते वाचते आहे. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब असून समोर अरुंद पाण्यापलीकडे गुनुंग आपी हा जागृत ज्वालामुखी उभा आहे, जो १९८८ मध्ये उसळला होता. बांदाच्या या चिमूटभर बेटांखेरीज जायफळाचे झाड अठराव्या शतकापर्यंत व्यापारापुरते दुसरीकडे कोठेच लावले जात नव्हते, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि डबा उघडून जायफळाचा वास घेतला. श्रीखंडात, पुरणात, बाळांच्या गुटीत जन्मभर जे उगाळले, त्याचे माहेर माझ्याच नावाचे निघाले.

मला तेथे जाऊन येण्याइतकी ओढ वाटते आहे. असे कोणाला झाले आहे का? आणि ज्या जागेशी आपला रक्ताचा, भाषेचा, धर्माचा कसलाच संबंध नाही, तिच्याविषयी केवळ नावामुळे आपलेपणा वाटणे कितपत रास्त आहे?

लष्करकर

नीराताई, ग्वाल्हेरहून लिहितो आहे. आमचे आडनाव संगमनेरकर. शिंद्यांच्या चाकरीत आमचे पूर्वज इकडे आले, त्याला निदान आठ पिढ्या झाल्या असाव्यात. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात आमच्या गल्लीत अशी ‘कर’वाली घरे कितीतरी होती आणि त्यातल्या बहुतेकांनी आपापले गाव डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आडनाव ही आमच्याकडे पत्त्याची जुनी चिठ्ठी असते. पत्र कधीच पोहोचलेले नसते, पण चिठ्ठी फाडून टाकण्याचा धीरही कोणाला होत नाही.

मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी संगमनेरला गेलो. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर गाव वसले आहे, एवढेच ठाऊक होते. लॉजवर नोंदवहीत नाव लिहिले: संगमनेरकर. पुढच्या रकान्यात ‘कोठून आलात’ असे होते, तेथे ग्वाल्हेर लिहिले. व्यवस्थापकाने वही आपल्याकडे फिरवली, दोन्ही रकाने पुन्हा वाचले आणि म्हणाला, “काका, रकाने उलटे भरलेत का?” मी नाही म्हटल्यावर त्याने किल्ली देताना पाण्याची बाटली फुकट दिली.

संध्याकाळी संगमावर बसलो. पाणी बेताचेच होते. मला वाटले होते की काहीतरी दाटून येईल. खरे सांगायचे तर भूक लागली होती आणि डास चावत होते. परंतु दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर ध्वनिक्षेपकातून ‘संगमनेर, संगमनेर’ असा पुकारा झाला, तेव्हा मला कोणी हाक मारत असल्यासारखे मी तीनदा मान वर केली. ओढ म्हणायची तर एवढीच. तुमच्या बेटावर पुकारा कोण करणार?

तर्कट

वातावरण भावुक होण्याआधी दोन मुद्दे नोंदवतो. पहिला असा की, त्या बेटाचे नाव तेथील लोक ‘नाइरा’ असे उच्चारतात आणि आज ते रोमन लिपीतही पुष्कळदा तसेच लिहिले जाते. म्हणजे नीरा या संस्कृत वळणाच्या शब्दाशी त्याचे साम्य ध्वनीचेही नाही. ते केवळ युरोपीयांच्या एका जुन्या लेखनपद्धतीशी आणि इंदूरच्या एका कारकुनाच्या हातचुकीशी आहे. लष्करकरांचे तसे नाही. त्यांचे आडनाव गावावरूनच आले आहे. ही दोन उदाहरणे एका पंगतीत बसवणे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा असा की, पृथ्वीवर नावे अगणित आणि उच्चार मोजकेच असल्यामुळे जुळणी ही होणारच. लीना ही सायबेरियातील नदी आहे, मीरा पोर्तुगालमध्ये आहे आणि तारा नावाची ऐतिहासिक टेकडी आयर्लंडमध्ये आहे. प्रत्येक लीनाताईंनी सायबेरियाच्या थंडीने हळवे व्हायचे ठरवले तर लोकरीचा खप तेवढा वाढेल. जी जुळणी आवडते ती आपण जवळ करतो आणि बाकीच्या विसरतो. यात वाईट काही नाही, पण त्याला ‘संबंध’ म्हणू नये.

मंडलेश्वरची_लेक

तर्कट महोदय, तुमच्या यादीत माझीही भर घाला. माझे नाव रेवा, म्हणजे नर्मदेचेच दुसरे नाव, माहेर तिच्याच काठचे मंडलेश्वर आणि आता इंदूर. इंदूरकरांना सांगायला नकोच की १९७८ पासून आपण जे पाणी पितो ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर उपसून आणलेले नर्मदेचे पाणी आहे. त्यामुळे लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा आई म्हणाली होती, “रडतेस कशाला, नळाला तूच येणार आहेस.”

फिजीमधील सर्वांत मोठ्या नदीचे नावही रेवा आहे, हे मला शाळेत शिकवू लागल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळले. नर्मदेशी त्या नावाचे काही नाते नाही, कारण भारतीय मजूर तेथे पोहोचण्याआधीपासून ते नाव तेथे आहे. हा तुमचा मुद्दा मी आधीच मान्य करते. परंतु १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय गिरमिटाच्या करारावर फिजीला नेले गेले आणि त्यांतले हजारो या रेवाच्या काठच्या उसाच्या मळ्यांवर राबले. नौसोरी येथे नदीकाठी १८८२ मध्ये सुरू झालेला साखर कारखाना १९५९ पर्यंत चालला. १८८४ मध्ये मजुरांना घेऊन येणारे ‘सिरिया’ नावाचे जहाज या नदीच्या मुखाजवळच्या नासिलाई खडकांवर फुटले आणि पन्नासहून अधिक माणसे बुडाली.

मला राहून राहून वाटते, त्या मजुरांमध्ये एखादा तरी नर्मदेचे नाव ऐकलेला असेल. उतरल्यावर त्याने विचारले असेल, “ही कोणती नदी?” आणि कोणीतरी सांगितले असेल, “रेवा.” त्या क्षणी त्याला व्युत्पत्ती कोणी समजावून सांगितली नसेल. त्या माणसाने त्या पाण्याला हात जोडले असतील तर ते चूक होते असे मला म्हणवत नाही.

मांडवीचा_रहिवासी

बडोद्याची हजेरी लावून जातो. आमच्या शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा आहे, तरी मराठी माणसाच्या तोंडी बडोदा कायम आहे. गंमत अशी की अमेरिकेत मिशिगन राज्यात, मोठ्या सरोवराच्या बाजूला, बडोदा नावाचे छोटे गाव आहे आणि भोवती द्राक्षांचे मळे आहेत. म्हणजे आम्ही सोडलेले नाव तेथे पाटीवर शाबूत आहे. भाचा तिकडे असताना त्याने त्या पाटीखाली उभे राहून छायाचित्र पाठवले होते. माझ्या आईने ते देवघराशेजारी लावले आणि येणाऱ्या प्रत्येकाला “आपल्या गावची शाखा” असे सांगू लागली.

आमचे महाराज सयाजीराव स्वतः नाशिककडच्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यामुळे दूरच्या गावाची ओढ हा विषय बडोद्याला नवा नाही. तर्कटरावांचे म्हणणे मला पटते, पण आईला ते सांगण्याची माझी तयारी नाही.

खतवाले_काका

उलट्या दिशेचे एक उदाहरण देतो. नावे बाहेरून येतात तशी येथून बाहेरही जातात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत काम करून शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग पालटून खत तयार करण्याची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तीवरचे १९३१ चे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले. वाड हे आपले मराठी गृहस्थ, ही गोष्ट इंदुरात फार थोड्यांना माहीत आहे. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले होते, तेव्हा त्यांनीही ते ढीग पाहिले. त्या आवारात पुढे कृषी महाविद्यालय झाले आणि तेथेच माझी नोकरी गेली, म्हणजे पूर्ण झाली.

परदेशातला एखादा माणूस आपल्या परसात ढीग पालटताना ‘इंदूर’ हा शब्द उच्चारतो. त्याला राजवाडा माहीत नाही, सराफा माहीत नाही. तरी त्याच्या हाताला जो वास येतो तो आमच्या ढिगाचाच असतो. नीराताईंच्या जायफळाचेही मला तसेच दिसते.

तर्कट

खतवाले काकांचे उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे: तेथे नावामागे काम आहे. रेवाताईंच्या मजुराबाबत मी गप्प बसतो.

नीराताईंना मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा. आपलेपणा वाटतो म्हणता, तर त्या बेटाचे सगळेच आपले मानणार का? १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन बांदावर उतरला. नेइरावरच्या किल्ल्यापाशी तेथील ४४ प्रमुखांची जपानी भाडोत्री तलवारबाजांकरवी कत्तल करण्यात आली. हजारोंच्या वस्तीतले बहुतेक लोक मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. नंतर जायफळाच्या बागांचे ६८ तुकडे पाडून त्यावर दुसरीकडून आणलेले गुलाम राबवण्यात आले. याच बेटांपैकी रन नावाच्या बेटावरचा हक्क इंग्रजांनी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात सोडला आणि डचांकडून घेतलेले मॅनहॅटन आपल्याकडे ठेवले. जायफळाचा सुगंध घेताना हेही हुंगावे लागते. नकाशावरचे नाव गोड वाटणे सोपे आहे.

नीरा_इंदूर

तर्कटराव, रागावले नाही. १६२१ चे मी वाचले होते आणि धाग्यात मुद्दाम लिहिले नव्हते. का, याचा विचार तुमच्यामुळे करावा लागला. उत्तर असे की ते लिहिले तर माझी हौस फिकी पडेल अशी मला भीती वाटली. ही माझी लबाडी झाली. आता सांगते, ते वाचले त्या रात्री मला झोप आली नव्हती. लीनाताईंना सायबेरियाविषयी काय वाटते ते ठाऊक नाही, परंतु तीच हकीकत दुसऱ्या कोणत्याही बेटाविषयी वाचली असती तर पान उलटून मी पुढे गेले असते. येथे पान उलटता आले नाही, कारण वर माझे नाव होते. नाव चुकीने मिळालेले आहे हे मान्य. जागरण खरे होते.

एक दुरुस्तीही सुचवते. कसलाच संबंध नाही, असे मीच पहिल्या लेखात म्हटले होते. ते आता मागे घेते. तोंडाला रुची आणि सुगंध यावा म्हणून तोंडात धरावयाच्या वस्तूंत चरकसंहितेने लवंगेबरोबर जातीफळ सांगितले आहे. ती वाट डच गलबतांच्या कितीतरी शतके आधीची आहे. म्हणजे मल्हाररावांच्या जन्मापूर्वी आणि इंदूर शहर नावारूपाला येण्यापूर्वीसुद्धा त्या बेटांवरची वस्तू आपल्या लोकांच्या तोंडात होती. सराफ्यात रात्री जी शिकंजी पितो, आटवलेल्या दुधाची, केशर-वेलचीची, तिच्यात जायफळ असते हे आचारी न विचारताच सांगतो. नावाचा धागा कच्चा असेल, पण त्याला धरून गेल्यावर हाती लागला तो दोर पक्का होता.

याच बेटावर १९३६ ते १९४२ या काळात डचांनी मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर यांना हद्दपार करून ठेवले होते. पुढे एक इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती झाले आणि दुसरे पहिले पंतप्रधान. हद्दपारीत दोघे तेथील मुलांना शिकवत असत. म्हणजे १६२१ नंतरही त्या बेटाचे काहीतरी झाले, आणि मला तेही आपले मानायचे आहे.

आता लष्करकरांच्या पुकाऱ्याविषयी. माघात आम्ही दोघे नीरा-नरसिंहपूरला जाऊन आलो, जेथे नीरा भीमेला मिळते. भोरच्या डोंगरातून निघालेली नदी धरणे, कालवे आणि उसाचे मळे यांना पाणी देत देत तेथे पोहोचते, त्यामुळे फार काही उरले असेल अशी अपेक्षा ठेवली नव्हती. पण पाणी होते, हिरवट, संथ. घाटावर गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारले. मी “नीरा” म्हटले. त्यांनी मान वर न करता पाण्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “ते नदीचं झालं. तुमचं सांगा.” वडील असते तर त्यांना ते फार आवडले असते.

परतताना कोकणातल्या मेहुण्यांकडे चार दिवस राहिलो. त्यांच्या सुपारीच्या बागेत जायफळाची झाडे आहेत. प्रथमच ओले फळ पाहिले: पिवळसर, लहान पेरूएवढे, पिकल्यावर मधोमध उकलते आणि आत काळपट कवचाभोवती जायपत्रीची लालभडक जाळी घट्ट लपेटलेली असते. सियागंजच्या दुकानात आपण जी फिकट नारिंगी जायपत्री घेतो ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. मी नखाने ती जाळी सोडवून पाहिली. बोटे दोन दिवस लाल होती.

मेहुण्यांनी एक रोप दिले. ते आता इंदुरात आमच्या गच्चीवर, उत्तरेच्या भिंतीला लावलेल्या कुंडीत आहे. नातीने त्याला पाटी लावली आहे आणि तिच्यावर पासपोर्टप्रमाणेच, कारकुनाच्या शुद्धलेखनात, नाव लिहिले आहे. खतवाले काका, इंदूरचा मे महिना याला झेपेल का? भोवती गोणपाट भिजवून ठेवायचे म्हणतात, ते दिवसातून किती वेळा?

खतवाले_काका

तीनदा, आणि दुपारचे चुकवू नका. खरा शत्रू ऊन नसून आपली कोरडी हवा आहे. या झाडाला समुद्राकाठचा दमटपणा लागतो. कुंडी गच्चीवरून खाली, न्हाणीच्या मोरीजवळ सावलीत आणा, मुळांशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि पाणी साचू देऊ नका. ढीग पालटून झालेले खत मी पोहोचते करतो.

रोप बीपासून केलेले आहे की कलम, हे मेहुण्यांना विचारून घ्या. बीपासूनचे असेल तर ते नर आहे की मादी, हे पहिले फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे कळत नाही, आणि नर निघाले तर फळ धरणार नाही.

नीरा_इंदूर

विचारले. बीपासूनचे आहे.